मार्थाबाईची पोथी

१० जुलै १९४३, शनिवार. मस्तगड, जालना.

तिसरा अर्जही नामंजूर झाला. वाचनालयाच्या वार्षिक दिवशी मी स्त्रियांच्या पुनर्विवाहावर बोलणार होतो. निजाम सरकारच्या कचेरीतला शिपाई उर्दूतली चिठ्ठी देऊन गेला. तीत एवढेच लिहिले आहे की वक्त्याची जबान तेज असल्याने जलशाला, म्हणजे सभेला, इजाजत नाही. हा मी सन्मान समजतो. पण आठ महिने झाले, सभेत तोंड उघडलेले नाही. शाळेत भूगोल शिकवताना आवाज आपोआप चढतो आणि पोरे दचकतात.

संध्याकाळी जुन्या जालन्यात वाचनालयात गेलो. मिशनच्या दवाखान्यातली मोठी मडम विलायतेला परत चालली आहे. जाताना तिने एका लहान ट्रंकेत इंग्रजी पुस्तके वाचनालयाला दिली. सात कादंबऱ्या. सगळ्या लढाईच्या काळातल्या, प्रेमाच्या, आणि पानोपानी ख्रिस्ती देव. कमिटीत तट पडले. परत पाठवाव्या, असे निम्म्यांचे मत. आमचे अध्यक्ष काकासाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "रामराव, तोंड बंद हाय तवर डोळे चालवा. वाचा आन् काय ते लिहून द्या."

मी जागच्या जागी सांगू शकलो असतो. पण न वाचता निंदा करणे मला पटत नाही. ट्रंक हमालाच्या डोक्यावर देऊन घरी आणली.

१४ जुलै

पहिली कादंबरी घेतली. अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण युद्धातली आहे. मार्था नावाची एका गिरणीवाल्याची मुलगी. तिचा जॉन पलटणीत जातो. पत्रे येतात, मग बंद होतात. गावातला एक सज्जन डॉक्टर तिला मागणी घालतो. मार्था खिडकीत बसून प्रार्थना करते. पुन्हा पुन्हा करते. ट्रंकेतली बाकीची सहा चाळून पाहिली. सगळ्यांत एक मुलगी, एक शिपाई, एक पाद्री, आणि शिपायाची बंद पडलेली पत्रे. कोठे फ्रान्स आहे, कोठे स्कॉटलंड. खाटा मात्र सगळ्या दवाखान्यांत सारख्याच.

अहवालाचा मथळा लिहून ठेवला: 'ही पुस्तके का नाकारावीत'. पुढे लिहायला पुरावा हवा म्हणून एकशे दहा पाने वाचली. बायकोने, सगुणाने, दोनदा चहा ऊन करून आणला. म्हणाली, "एवढं काय हाय त्या पुस्तकात?" मी म्हणालो, काही नाही. ती म्हणाली, मग ते काही नाही मला सांगा.

सांगायला लागलो. शेजारच्या झुंबरबाई आणि त्यांची सून आसराबाई ज्वारी निवडायला आमच्याच ओसरीवर बसतात, त्याही ऐकू लागल्या. झुंबरबाईंचा एकुलता एक मुलगा भुजंग पलटणीत आहे. शेवटचे पत्र मिसरातून, म्हणजे इजिप्तहून, आले, त्याला अकरा महिने झाले. पत्र मीच वाचून दाखवले होते. आसराबाईचे वय वीस असेल. तिचे वडील रायभान आष्टीला असतात. मेंढरे आणि थोडी जमीन. त्यांनी परतूरकडचा एक माणूस पाहून ठेवला आहे, बायको वारलेला, दोन बैलांचा. जावयाचा पत्ता नाही, पोरीला किती दिवस बसवायचे, असे म्हणतात. आसराबाईला घेऊन जायचे आणि पाट, म्हणजे दुसरे लग्न, लावून द्यायचा, असा त्यांचा बेत आहे. माझ्या मते यात चूक काही नाही. तरुण बाईने आयुष्य का जाळावे? भाषणाची परवानगी मिळाली असती तर मी हेच बोललो असतो.

१९ जुलै

रोज दुपारी तीनला, शाळा सुटल्यावर, एक प्रकरण सांगतो. बायका निवडतात, आसराबाई वाती वळते. आवाजाला काम मिळाले. सगुणा म्हणते, भाषणाला बंदी हाय, घरात न्हाई, हे आमचं नशीब.

सांगताना मी एक शिस्त पाळत होतो. प्रार्थना, बायबल, पाद्रीचा उपदेश हे सारे गाळून सांगत होतो. कोणाच्या घरात कोणाचा प्रचार आपल्या तोंडून का व्हावा? कथा तेवढी शुद्ध करून देत होतो. आज सातव्या प्रकरणात मार्थाला जॉनच्या तुकडीचा मोड झाल्याची बातमी कळते. मी सांगितले, ती घरात गेली आणि कणीक मळू लागली.

झुंबरबाईंनी सूप खाली ठेवले.

"आन् देवाला काहीच म्हणली न्हाई?"

मी म्हणालो, नाही.

"असं कसं हुईल, मास्तर? मालक लढाईत, बातमी अशी, आन् ही बाई गप कणीक मळून राह्यली? मला न्हाई पटत. ही बाई खोटी हाय."

मार्था खोटी नव्हती. खोटा मी होतो. पुस्तकात त्या जागी पाऊण पानाची प्रार्थना आहे. माझ्या तोंडावर काहीतरी दिसले असावे, कारण सगुणा म्हणाली, यांनी काहीतरी खाल्लं बघा मधलं.

२० जुलै

सकाळभर बेचैन होतो. जो माणूस सरकारने त्याचे शब्द कापले म्हणून आरडाओरडा करतो, त्याने एका मुलीचे शब्द कापावेत? दुपारी बायकांना खरे सांगून टाकले आणि पहिल्यापासूनच्या सगळ्या प्रार्थना मराठीत सांगितल्या. मार्था म्हणते: जो दूर आहे त्याच्या उशाशी तू बस. मला तिथे जाता येत नाही. त्याला तहान लागली तर कोणाच्या तरी हाती पाणी दे.

आसराबाईच्या हातातली वात तशीच राहिली. झुंबरबाईंनी डोळे पुसले नाहीत. त्या म्हणाल्या, "हां. आता बराबर."

मग उठून घरी गेल्या, पाट घेऊन आल्या, त्यावर पुस्तक ठेवायला लावले आणि हळदकुंकू वाहिले. मी विरोध केला. मी मूर्तिपूजा मानत नाही, आणि ही पोथी नव्हे, कादंबरी आहे, तीही ख्रिस्ती, हे स्पष्ट बजावले. त्या म्हणाल्या, देवाचं नाव हाय ना? चौमासा लागला ना? रोज एक अध्याय हाय ना? मंग पोथीच. पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेली मिशनच्या दवाखान्याची चिठ्ठी कुंकवाने लाल झाली. कमिटीला काय सांगू?

मला वाटले होते की या प्रार्थनेने बायका बाटतील की काय. सगुणा संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावताना तीच प्रार्थना म्हणत होती, शेवटी 'जय तुळशीमाते' जोडून. बाटली असेल तर प्रार्थना बाटली.

४ ऑगस्ट, बुधवार

परवा नागपंचमी आहे. रायभान मुराळी होऊन लेकीला न्यायला आले. आष्टीहून बैलगाडीने परतूर, तिथून आगगाडी. खांद्यावर घोंगडी, उंच, थोडे बोलणारे गृहस्थ. पंचमीचे निमित्त आहे, एकदा नेली की परत धाडणार नाहीत, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.

मी वाचत होतो तेव्हाच ते आले, म्हणून सारे ओसरीवरच झाले. आसराबाईने वडिलांना पाणी दिले, पायाला हात लावला आणि सांगितले की तिला येता येत नाही. पोथी लागली आहे. ऐकायला बसलेल्या बाईने मध्येच उठू नये, समाप्तीपर्यंत गाव सोडू नये.

रायभान माझ्याकडे वळले. "खरं का, मास्तर?"

मी तत्त्वाचा माणूस. पोथी अर्धवट सोडली तर दोष लागतो, हा निव्वळ भ्रम आहे, असे मी सांगणारच होतो. तेवढ्यात सगुणाने माझ्या हातात गुळाचा खडा दिला आणि म्हणाली, आधी तोंडात टाका, घसा बसलाय तुमचा. खडा मोठा होता. विरघळेपर्यंत रायभान हात जोडून उठलेही होते. देवाधर्माचं असंल तर मी आडवा येत न्हाई, म्हणाले. समाप्तीला येतो.

भ्रम दूर करायची संधी गेली, याची चुटपुट लागली आहे.

१७ ऑगस्ट

पुस्तक फार सावकाश चालले आहे. एकतीस प्रकरणे आहेत, पण अजून तेराव्यातच आहोत. बायकांच्या स्मरणशक्तीची मला काळजी वाटते. रोज झुंबरबाई म्हणतात, कालचं सगळं इसरले, परत सांगा. ज्या बाईला तीस वर्षांपूर्वीच्या लग्नात कोणाला कोणते लुगडे मिळाले ते काठापदरासकट आठवते, तिला कालची लढाई आठवू नये! आसराबाईचे प्रश्न तर संपतच नाहीत. गिरणी पाण्यावर कशी चालते? डॉक्टरच्या घोड्याला काय घालतात? तिथे पोळा असतो का? काल संपूर्ण दुपार घोड्यात गेली.

पण एक मान्य करायला हवे. इतके एकाग्र श्रोते मला हजाराच्या सभेतही मिळाले नव्हते. माझ्या निवेदनात काही शक्ती असावी. वर्णन वाढवतो. पाद्रीचा उपदेशही जोराने सांगतो. त्याचे विचार चुकीचे असले तरी वाक्ये सभेला शोभणारी आहेत.

अहवालाचा मथळा खोडून 'काही विचार' असा केला.

१ सप्टेंबर

झुंबरबाईंशी आज भांडलो. रायभानांचा निरोप आला: महालक्ष्म्या उठल्या की येतो, पोथी उरकून घ्या. निरोप ऐकून झुंबरबाई ज्वारी निवडत राहिल्या, तेव्हा मीच बोललो. म्हणालो, मावशी, तुम्हाला आधार हवा म्हणून तुम्ही त्या पोरीला अडवून ठेवले आहे. भुजंग परत आला तर आनंद आहे, पण नाही आला तर? तिला दुसरे घर मिळत असेल तर ते नाकारण्याचा तुम्हाला काय अधिकार? पुरुष बायकोच्या तेराव्यालाच नवी सोयरीक बघतो. बाईनेच का जन्मभर वाट पाहायची? चांगली पंधरा मिनिटे बोललो. फार दिवसांनी सूर लागला होता. ओसरीबाहेर तीन-चार माणसे थांबून ऐकत होती.

झुंबरबाई एवढेच म्हणाल्या, "मी न्हाई तिला बांधली, मास्तर. दार उघडं हाय."

आसराबाई वाती वळत होती. मला वाटले तिला धीर आला असेल. रात्री जेवताना सगुणाने मला लोणचे वाढले नाही.

८ सप्टेंबर

कमिटीपुढे अहवाल ठेवला. पाच पानांचा लिहिला होता, पण वाचलाच नाही. उभा राहून बोललो. सात माणसांना इजाजत लागत नाही. म्हणालो, या पुस्तकांत दोष पुष्कळ. योगायोग फार, अश्रू फार, प्रत्येक शिपाई देखणा. पण लढाईचा इतिहास म्हणजे सेनापतींच्या वह्या असे आपण समजतो. घरी राहिलेल्या बाईच्या दिवसाचा हिशेब या बायकी म्हणून हिणवल्या गेलेल्या पुस्तकांत सापडतो. ती देवाशी बोलते, आणि ते गाळले तर तिचे एकही कृत्य समजत नाही, हे मी चूक करून शिकलो आहे. तिचा देव निराळा असेल. तिचे दार तेच आहे, ज्या दारातून आपल्या गल्लीतल्या बायका टपालवाल्याकडे बघतात.

काकासाहेब म्हणाले, "नाकारायला दिली होती, तुम्ही तर त्यांच्याशी सोयरीकच करून आलात." पुस्तके ठेवायचे ठरले. कुंकवाबद्दल कोणी विचारले नाही.

११ सप्टेंबर, शनिवार

आजचे सविस्तर लिहायला हवे.

रायभान सकाळीच आले. दुपारी ओसरीवर भिंतीला टेकून बसले. शेजारी आसराबाईचे बोचके होते, तेही बांधलेले. झुंबरबाईंनी समाप्तीचा नैवेद्य म्हणून पुरण घातले होते. संध्याकाळच्या गाडीने निघायचे ठरले होते.

एकतिसावे प्रकरण उघडले. मार्था डॉक्टरला नकार देते, तो समंजसपणे निघून जातो. लढाई संपली आहे. शिपाई एकेक करून परतत आहेत. संध्याकाळ. मार्था गिरणीच्या पुलावर उभी. पलीकडून कोणीतरी येते. त्याचा चेहरा दिसायला एक परिच्छेद उरला होता.

मी पान उलटून मान वर केली. आसराबाई वाती वळत नव्हती. हात मांडीवर रिकामे होते. सगुणा माझ्याकडे बघत होती, तसे तिने लग्नाच्या बावीस वर्षांत माझ्याकडे फारसे बघितलेले नाही.

का कोण जाणे, मी म्हणालो, पुलावरून आला तो जॉन नव्हता. जॉनच्या तुकडीतला एक शिपाई होता. त्याने सांगितले की जॉन जिवंत आहे, पण दूर दक्षिणेत एका दवाखान्यात आहे, आणि मार्थाला तिकडे निघावे लागेल. वाट लांबची आहे. तिथले अध्याय पुढे.

लेखिकेने शेवट घाईत उरकला आहे, आणि मार्थासारख्या मुलीने एकदा तरी प्रवास करायला हवा होता, असे माझे वाङ्मयीन मत आहे. ते मत मला त्याच क्षणी सुचले.

झुंबरबाई म्हणाल्या, लई मोठी पोथी हाय बाई.

रायभान उठले. माझ्याजवळ येऊन उभे राहिले. अक्षर ओळखत नाहीत, पण शेकडो मेंढरे एका नजरेत मोजणारा माणूस.

"मास्तर," ते म्हणाले, "डाव्या हाताला समदी पानं हायेत. उजव्या हाताला नुसता पुठ्ठा हाय."

मी आयुष्यात अनेक सभांत हुल्लडबाजांना गप्प केले आहे. आज मी घाईने पुस्तक मिटले.

आसराबाई उभी राहिली. पदर सारखा केला.

"बाबा, पोथी सरली. मास्तर माझ्यापायी खोटं बोलून राह्यले. त्येंना काही म्हणू नका."

"मंग चल."

"मी न्हाई येत."

"सासूनं शिकिवलं?"

"न्हाई. आत्त्या दार उघडं म्हणत्यात. मास्तर म्हणत्यात, दुसरं घर कर. तुमी म्हणता, परतूरला चल. समद्यायनी माझ्यासाठी इचार केला. मला कुणीच इचारलं न्हाई. एकदा इचारा की, बाबा."

रायभान घोंगडीचे टोक चाचपत राहिले. मी मान खाली घातली. पंधरा मिनिटांच्या माझ्या त्या भाषणात मीही तिला काही विचारले नव्हते, हे मला तिथे, पुस्तक हातात धरून, कळले.

मग त्यांनी विचारले. "काय म्हणतीस मंग, आसरे?"

"मला वाट बघायची हाय. कुणी बांधली म्हणून न्हाई. मला बघायची हाय. जवा न्हाई बघावी वाटंल तवा मीच आष्टीला निरोप धाडीन. तुमी यायचं घ्यायला. येताल ना?"

"न येऊन करतो काय," रायभान म्हणाले. मग ते माझ्यासमोर येऊन खाली बसले, मांडी घालून, पोथीला बसतात तसे. "आता खरं सांगा, मास्तर. पुलावरनं कोण आल्तं?"

झुंबरबाई व्याह्यांना म्हणाल्या, इवाई, तुमची गाडी जाईल. ते म्हणाले, गाडी उद्याबी हाय.

म्हणून मी खरा शेवट वाचला. पुलावरून जॉनच येतो. एक बाही रिकामी आहे. मार्था धावत जात नाही. ती तिथेच उभी राहते आणि म्हणते, तुला तहान लागली असेल. मग दोघे मिळून देवाचे आभार मानतात, तेही मी गाळले नाही.

रायभान म्हणाले, एका हातानं गिरणी कशी चालवील? झुंबरबाई म्हणाल्या, आख्खे दोन हात घेऊन तुमी काय चालवून राह्यले, ते ठाऊक हाय. पहिल्यांदाच ते हसले. पुरण सगळ्यांनी खाल्ले. बोचके सगुणाने उचलून परत झुंबरबाईंच्या घरात ठेवले.

१२ सप्टेंबर

सकाळी रायभान गेले. लेकीला काही बोलले नाहीत. झुंबरबाईंना म्हणाले, दिवाळीला लोकर घेऊन येतो, घोंगडी विणून घ्या.

एका गोष्टीचे मला आश्चर्य वाटते. काल मी शेवट वाचत होतो तेव्हा आसराबाई ओसरीवर नव्हतीच. घागर घेऊन आडावर गेली होती. जवळजवळ दोन महिने एक अक्षर न चुकवता ऐकले, आणि नेमका शेवट चुकवला. आज दुपारी मी म्हणालो, बस, तुला एकटीला वाचून दाखवतो, दहा मिनिटांचे काम आहे.

ती म्हणाली, "राहू द्या, मास्तर. दुसरी कवा लावताय?"

ट्रंकेतून सहाही पुस्तके काढून पाटावर मांडली. सगुणाने एकेक हातात घेऊन तोलून पाहिले. मी त्यातले सगळ्यात जाड निवडले. त्याचा टाईप मोठा आहे, डोळ्यांना बरा.